पणजीचं माहेर कसं शोधावं : नागपूरकडच्या जुन्या कागदांतून

वंशावळ बहुतेक घरांत असते. पाच-सात पिढ्यांची, पुरुषांची नावं एकाखाली एक उतरत गेलेली. तुमच्या घरची काढा आणि त्यात तुमची पणजी कुठे आहे ते बघा. असली तर नवऱ्याच्या नावापुढे नुसतं सासरचं नाव, माहेरचं गाव नाही, आडनाव नाही, आईबापाचा पत्ता नाही.

माझी सगळी नोकरी नागपुरात भूमी अभिलेख खात्यात झाली. जातपडताळणीसाठी, वारसासाठी, हिस्सेवाटणीसाठी लोक येत आणि मी बस्ते सोडून त्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं काढून देई. बायकांची नावं विचारायला फारसं कोणी आलं नाही. निवृत्तीनंतर मी माझ्या वडिलांच्या आजीचा माग काढायला घेतला. ती उमरेड तहसिलीतल्या खेड्यातून लग्न होऊन नागपूरच्या महालात आली, ऐन विशीत विधवा झाली, लहान मुलाच्या नावावरची शेती तिनं सांभाळली आणि १९१८ च्या मानमोडीच्या साथीत गेली. यातलं काहीही वंशावळीत नव्हतं. सगळं कागदात होतं.

इंग्रजी अमदानीतल्या बाईची नोंद असते, हे आधी मनात पक्कं धरा. फक्त ती तिच्या नावाखाली क्वचित असते. बाप, भाऊ, नवरा, दीर आणि मुलगा यांच्या कागदांत ती आहे. आणि ज्या दिवशी ती एकटी पडली, म्हणजे नवरा गेला, मूल अज्ञान (अल्पवयीन) राहिलं, दत्तक घ्यावा लागला, शेत गहाण पडलं, नोकरी धरावी लागली, त्या दिवसापासून ती स्वतःच्या नावानं दिसायला लागते. म्हणून शोधाला बसताना कोऱ्या कागदाच्या मधोमध तिलाच लिहा. एका बाजूला माहेरची माणसं, दुसऱ्या बाजूला सासरची. नणंदा, जावा, बहिणी, मामा, कोणालाही गाळू नका. बाईचा धागा बहुधा अशाच एखाद्या कडेच्या नातेवाइकापाशी सापडतो.

आधी घर धुंडाळा

माळ्यावरची पितळेची आणि तांब्याची भांडी खाली काढा. गुंड, गंगाळ, परात, गडवे, समया. चिंचेनं घासून उन्हात धरा आणि काठ बघा. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव ठोकून घालायची पद्धत होती. कधी गाव, कधी शकही असतो. आमच्या गंगाळाच्या काठावर पणजीच्या मामाचं नाव आणि गाव निघालं, आणि माहेरच्या बाजूचा पहिला माणूस हाती लागला. शक असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८२२ म्हणजे इसवी सन १९००-०१. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवावे लागतात.

मग श्राद्धपक्ष आठवा. घरात कोणाचं पान कोणत्या तिथीला वाढतात ते घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला विचारा. भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, जिचं पान असेल ती नवऱ्याच्या आधी गेली. आमच्याकडे या पणजीचं पान नवमीला कधीच नव्हतं, म्हणजे ती नवऱ्याच्या मागे राहिली होती हे कागद उघडण्याआधीच कळलं. श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावं उच्चारतात, तेव्हा घरच्या भटजींच्या टिपणवहीत ती असू शकतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये यात्रेला आलेल्या कुटुंबाच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. तिथे आडनावापेक्षा मूळ गाव महत्त्वाचं. ज्या समाजात भाट वही वाचायला येत, त्यांनी भाटाचं गाव शोधावं. त्या वहीत लेकी कुठे दिल्या तेही कधी कधी सांगितलेलं असतं.

आता माणसं. उन्हाळ्यात कुरडया-सरगुंडे करायला घरातल्या म्हाताऱ्या बायका जमतात, ती दुपार सोडू नका. "पणजी कधी जन्मली?" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर येत नाही. विचारा : ती कोणाच्या लग्नात होती? तिच्या अंगावर काय दागिना होता? बाळंतपणाला कुठे गेली? राखी, भाऊबीज कोण घेऊन यायचं? माझी आत्या नव्वदीत आहे. माहेरचं नाव तिला सांगता येईना. पण भाऊबीजेचं विचारल्यावर म्हणाली, "ती गेल्यावरही तिचा भाऊ बंडीनं येत जाय वं, कुहीकडून. त्याले आम्ही संत्र्याचा मामा म्हणो." कुही आणि संत्र्याची बाग, एवढ्यावर दोन-तीन गावं उरली.

जात्यावरच्या ओव्या कोणाला येत असतील तर म्हणायला लावा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. ओवीत बाई नवऱ्याचं नाव कमी घेते. भावाचं, भाच्याचं आणि माहेरच्या वाटेवरच्या गावांचं नाव मात्र घेते.

साल ठरवायला मोठ्या घटना वापरा. "छपन्नच्या दुष्काळात" म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. त्याच्या आधीचा मोठा दुष्काळ १८९६-९७ चा. "मानमोडी" म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. "नागपूरची काँग्रेस" डिसेंबर १९२०, झेंडा सत्याग्रह १९२३. "शारदा कायदा (बालविवाहबंदीचा) यायच्या आत लग्न उरकलं" असं कोणी म्हणालं तर ते लग्न १ एप्रिल १९३० च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून कायदा लागू झाला. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली. "आजा मिलमध्ये लागला तेव्हा" किंवा "गाडी नव्हती तेव्हा" हे धागे इथे बांधता येतात.

लग्नात नाव बदलत असे, हे विसरू नका. माहेरच्या कागदात ती एका नावानं असेल आणि सासरच्या कागदात दुसऱ्या. दोन्ही नावं कळेपर्यंत कुठल्याही नोंदीवर "हीच ती" असं लिहू नका, शिसपेन्सिलनं "बहुधा" लिहून ठेवा.

गावचे कागद

तिचं माहेर कुठल्या मुलखात येतं त्यावर कागद ठरतो. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि इंग्रजांनी इथे मालगुजारी पद्धत पक्की केली, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मालगुजार गावाचा मालक ठरला. त्यामुळे नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा (आजचं चंद्रपूर) या बाजूच्या गावांत मालगुजार, त्याच्या हाताखालचे रयत, आणि बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या, वेळी तयार झालेली मिसल (गावाच्या बंदोबस्ताचं बाड), खसरा (शेतांची यादी), जमाबंदी (कोणाकडे किती सारा त्याची नोंद) असे कागद मिळतात. १८६० च्या दशकातला पहिला मोठा बंदोबस्त आणि १८९० च्या दशकातला दुसरा हे दोन टप्पे आपल्या कामाचे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तेव्हाचे अधिकार अभिलेखही बघा. त्यात वारसांची नावं येतात. माहेर वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडे असेल तर तिथे मुंबईच्या धर्तीची रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरी. तिथे शेतवार पत्रक आणि हक्क नोंदणी मागा, मिसल मागून उपयोग नाही.

हे कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, तहसिलीत आणि उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे वाटलेले असतात. अर्जात आजचं गाव, जुना मौजा, तहसील, आणि हवा असलेला बंदोबस्त स्पष्ट लिहा. "माझ्या पूर्वजांची सर्व माहिती" असा अर्ज करू नका. बस्ता कोणता सोडायचा तेच समोरच्याला कळत नाही. नागपूर शहरातल्या घरासाठी नझूलचा (शहरातल्या सरकारी जागेचा) जुना नकाशा आणि आखीव पत्रिका (घरजागेचा उतारा) मागा. महाल, इतवारी, सीताबर्डी इथल्या घरांच्या फेरफारात विधवेचं नाव लागल्याचं पुष्कळदा दिसतं.

कागद समोर आला की काही शब्द बोटानं शोधा. "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा. "जौजे" म्हणजे अमक्याची बायको, "बेवा" म्हणजे विधवा. बाईच्या नावाआधी "मुसम्मात" किंवा नुसतं "मु." असू शकतं. आणि "अ.पा.क.", अज्ञान पालनकर्ता, ही अक्षरं दिसली की थांबा. मूल सज्ञान नसताना त्याच्या वतीनं कोण उभं आहे ते तिथे लिहिलेलं असतं : आई, काका, किंवा मामा. मामा असला तर तुमचं काम झालं, कारण मामाच्या नावाला बाप आणि गाव जोडलेलं असतं आणि तेच तुमच्या पणजीचं माहेर. आमच्या कागदात आधी आई होती आणि तिच्या मृत्यूनंतर मामा आला. त्या एका फेरफारानं तिच्या बापाचं नाव दिलं आणि तिच्या मरणाचा महिनाही जवळ आणून ठेवला.

कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची वही, गाव नमुना चौदा. मध्य प्रांतात कोतवाल गावातल्या जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देई. यात जन्माच्या नोंदीला बहुधा मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात आणि "मुलगी" एवढंच. म्हणून पणजीला तिच्या नावानं शोधू नका. तिच्या बापाच्या नावापुढच्या सगळ्या "मुलगी" नोंदी सालासकट उतरवा, मग भावंडांच्या वयांशी ताळा घ्या. मृत्यूच्या रकान्यात कारण असतं : ताप, देवी, पटकी, हगवण. १९१८ चं ऑक्टोबर-नोव्हेंबर उघडाल तेव्हा तयारीनं बसा. पानामागून पान "ताप" आहे, एकाच घरची तीन-तीन माणसं आहेत. मला ती वही त्या दिवशी पुढे वाचवली नाही. शहरातल्या नोंदींसाठी महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. नागपूरला नगरपालिका १८६४ पासून आहे.

जनगणनेच्या मागे लागू नका. इंग्रजांनी मध्य प्रांतात १८६६ पासून डोकी मोजली, पण आपल्या हाती छापील आकडे आले, घरातल्या माणसांची नावं आली नाहीत. नावं हवीत तर १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही कामाची. तोवर हयात असलेल्या सुना, नणंदा, बहिणी त्यात घरावार सापडतात. जुन्या मतदार याद्याही बघा. मध्य प्रांतात बायकांना मताचा हक्क १९२७ मध्ये मिळाला, आणि १९३५ च्या कायद्यानंतर मालमत्ताधारकाची पत्नी किंवा विधवा म्हणून, तसंच साक्षर म्हणूनही, नाव लागू लागलं.

जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात. मोडी येत नसेल तर अडून बसू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्याचं कार्यालय नागपुरातही आहे. निदान नावं, महिने आणि आकडे वाचण्याइतकी मोडी शिका. पूर्ण दस्त जाणकाराकडून वाचून घ्या, पण ज्या ओळीत तिचं नाव आहे ती स्वतः वाचा.

निबंधक कार्यालय

पुरुषांच्या वंशावळीसाठी लोक इथे येतच नाहीत, आणि बाईचा सगळ्यांत भरघोस कागद इथेच असतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मालमत्तेचे दस्त पुस्तक एकमध्ये, मृत्युपत्रं आणि दत्तकाचे अधिकारपत्र पुस्तक तीनमध्ये जातात. दस्त करून देणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांची नावं सूची एकमध्ये, मालमत्ता सूची दोनमध्ये, मृत्युपत्रं सूची तीनमध्ये. पुस्तक एक आणि त्याच्या सूची कोणालाही शुल्क भरून पाहता येतात. सुरुवात सूची एकपासून करा. नवऱ्याच्या मृत्यूनंतरची दहा-पंधरा वर्षं घ्या, तिच्या सासरच्या नावानं आणि दिराच्या नावानं, दोन्ही शोधा.

काय सापडेल? गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, अन्नवस्त्राचा करार. त्या काळी विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मर्यादित हक्क होता. १९३७ च्या कायद्यानं एकत्र कुटुंबातल्या विधवेलाही हिस्सा मिळाला, तोही मर्यादितच. म्हणून शेत गहाण टाकताना तिला कारण लिहून द्यावं लागे. ते कारण नीट वाचा. मुलीचं लग्न, नवऱ्याचं कर्ज, सरकारी सारा, मुलाची शाळा. आमच्या पणजीच्या गहाणखतात "मुलाचे शिक्षणाकरिता" असे शब्द आहेत. माझे आजोबा मॅट्रिक झाले ते काकांनी शिकवलं म्हणून, असं आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आले. त्या दस्तानं ते श्रेय जिचं होतं तिला दिलं, आणि मी तो कागद घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवला.

दस्ताचा शेवट सोडू नका. जुन्या कागदात न शिकलेल्या बाईची सही म्हणून बांगडीची निशाणी काढत, शेतकऱ्याची नांगराची. पुढे डाव्या हाताचा अंगठा आला. निशाणीशेजारी जो लिहितो, "दस्तुर" अमका, आणि खाली जे साक्षीदार आहेत, ती नावं उतरवा. साक्षीला बहुधा माहेरचा एक माणूस असतो.

वाद कोर्टात गेला असेल तर तोही कागद तुमच्या फायद्याचा. नागपूरला उच्च न्यायालय १९३६ मध्ये झालं, त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. विधवेनं विकलेल्या जमिनीवर भाऊबंदांनी केलेल्या दाव्यांचे निवाडे छापलेले आहेत, आणि अशा निवाड्यात पुष्कळदा कुटुंबाची वंशावळच छापलेली असते, बायका-मुलींसकट. कायद्याच्या जुन्या ग्रंथालयात गावाच्या नावानं शोधा.

ती कमवती असेल तर

मिलच्या रीलिंग-वाइंडिंग खात्यात बायका होत्या. शाळेत शिक्षिका, दवाखान्यात दाई आणि नर्स, स्टेशनवर हमाल होत्या. सर्व्हिस बुक, पेन्शनचा कागद, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर इथे तिचं वय आणि जन्मगाव मिळतं. मुलगी शाळेत गेली असेल तर मूळ रजिस्टरच बघा, दाखल्याच्या नकलेवर थांबू नका. पालकाच्या रकान्यात मामा किंवा आजोबा असू शकतो.

गरिबाघरच्या आणि दलित बायकांचं काही लिहिलेलं नसतं, हा समज सोडा. उमरेडला जन्मलेल्या आणि दुष्काळात नागपूरला आलेल्या जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळा मुलींची शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये इथेच अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेचा छापील वृत्तांत आहे, त्यात बोलणाऱ्या आणि ठराव मांडणाऱ्या बायकांची नावं आहेत. तुमच्या घरात "आजी तेव्हा परिषदेला गेली होती" एवढं जरी कोणी म्हणत असेल तरी तो वृत्तांत मिळवून वाचा.

पाट (पुनर्विवाह) लागला होता का, हेही हळुवारपणे विचारा. पुष्कळ समाजांत विधवेचा पाट लावण्याची रीत होती. मग एकच बाई दोन गावांत, दोन नवऱ्यांच्या नावानं दिसते, आणि पहिल्या घरची मुलं वेगळ्या आडनावाची असतात. घरातले लोक हे सांगायला संकोचतात. त्यांना सांगा की तिनं उघड, रीतसर संसार थाटला होता आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांचा रस्ता वेगळा. सदर, मोहननगर, खलाशी लाइन, कामठी इथल्या कुटुंबांनी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांपासून सुरुवात करावी. विवाहाच्या नोंदीत वधूच्या बापाचं नाव असतं, हा मोठा फायदा. कंपनी आणि इंग्रज सरकार यांच्या काळातल्या या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन विभागांत आहेत. कामठीची छावणी १८२१ पासूनची आणि तिथे मद्रासची पलटण असे, म्हणून कामठीतली बाई मद्रासच्या भागातही शोधा. नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, त्यामुळे मुंबईच्या भागापासून सुरुवात करू नका.

सापडलेलं कसं ठेवाल

प्रत्येक नोंदीसोबत कार्यालय, बस्ता, मौजा, साल, पान आणि पाहिल्याची तारीख लिहा. फोटो काढायची परवानगी मिळाली तर वहीचं मुखपृष्ठ आधी, मग पूर्ण पान, मग ओळ. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात सपाट ठेवा. फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलनं, कडेला.

माहेरच्या घराचा पत्ता लागला की आधी गावातल्या कोणा ओळखीच्या माणसातर्फे निरोप धाडा आणि मग जा. नागपुरातून कोणी जुनी फाइल घेऊन आलं की हिस्सा मागायला आले, असं लोकांना वाटतं. पहिल्या वाक्यातच सांगा की जमिनीचं काही नाही, तुमच्या घरची लेक आमच्या घरात होती, तिची माहिती हवी. मूळ कागद नेऊ नका, प्रती न्या, आणि त्यांना ठेवायला एक जास्तीचा संच न्या. कोतवाल बुकातून उतरवलेल्या तिच्या बहिणींच्या नोंदीही त्यात घाला. त्या बहिणी कुठे दिल्या हे त्या घरालाही कदाचित ठाऊक नसेल, आणि पुढचा शोध तिथूनच करायचा आहे.